जुन्या चालीवरची नवी पदे : ट्रिप-हॉप, हिप-हॉप आणि आल्टर्नेटिव्ह अल्बमांविषयी

संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना आठवत असेल की बहुतेक पदांच्या माथ्यावर ‘चाल’ छापलेली असते. पद कोणत्या चिजेवर, कोणत्या ठुमरीवर किंवा कोणत्या लावणीवर बांधले आहे, हे नाटककार आधीच सांगून मोकळा होतो. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या कितीतरी चाली मुळात प्रचलित बंदिशींच्या होत्या, आणि तरीही त्या पदांना कोणी उष्टे म्हटले नाही, कारण चाल जुनी असली तरी पद नवे होते आणि रंगमंचावर उभा असलेला गायक ते आपले करून गात होता. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या जत्रांत अशी पदे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ‘सँपल’ ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला चार-सहा सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर आपले पद उभे करायचे, ही हिप-हॉपची, म्हणजे ठेक्यावर रॅप बोलण्याच्या अमेरिकी संगीताची, मूळ रीत आहे आणि ट्रिप-हॉपने, म्हणजे त्याच्या संथ, काळोख्या ब्रिटिश भावंडाने, ती जशीच्या तशी उचलली. म्हणूनच या प्रकारचा अल्बम ऐकताना मी आधी हे पाहतो की उचललेल्या तुकड्याचे पुढे काय झाले, आणि मग हे की तो तुकडा ज्याचा होता त्याचे नाव कुठे उरले का. पुढची सारी मते याच कसोटीवरून आलेली आहेत.

या कसोटीसाठी सर्वांत चांगले उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरातून आले आहे. आयझॅक हेज या अमेरिकी गायक-संगीतकाराच्या ‘ब्लॅक मोझेस’ (१९७१) या अल्बममध्ये ‘आइक्स रॅप टू’ नावाची एक छोटी रचना आहे. तीत तंतुवाद्यांची एक संथ ओळ पायरी पायरीने खाली उतरत राहते, तिच्या तळाशी बेस चालतो आणि हेज जवळ बसून बोलावे तसा बोलतो. पोर्टिसहेड या ब्रिस्टलच्या गटाने १९९४ मध्ये ‘डमी’ या पहिल्या अल्बममधील ‘ग्लोरी बॉक्स’ याच तुकड्यावर बांधले, आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्टलच्याच ट्रिकी या रॅपरने ‘मॅक्सिनक्वे’मधील ‘हेल इज राउंड द कॉर्नर’ही त्याच तुकड्यावर बांधले. एकाच चालीवरची ही दोन पदे लागोपाठ ऐकावीत, असा माझा प्रत्येक नव्या श्रोत्याला आग्रह असतो, कारण सँपल म्हणजे आयते संगीत ढापणे हा गैरसमज त्या आठ-नऊ मिनिटांत दूर होतो.

‘ग्लोरी बॉक्स’मध्ये पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्स सुरुवातीला आवाज इतका आखडून धरते की तो लहान मुलीचा वाटावा, आणि ध्रुवपदाशी येताच तोच आवाज छाती भरून उघडतो. एड्रियन अटलीची गिटार तोपर्यंत कोपऱ्यात दबा धरून असते, ती या ठिकाणी करकरीत आवाजात पुढे येते. शेवटाकडे ठेका अडखळतो, जड होतो, जणू तबकडीवर कोणी हात ठेवला आहे, आणि मग हेजची ती उतरती ओळ पुन्हा सुरू झाली की ऐकणाऱ्याला ती आता वेगळीच ऐकू येते. मघाशी तिच्यात आर्जव होते, आता थकवा आहे. ट्रिकीच्या हातात हीच ओळ भिंतीसारखी बंदिस्त होते. तो पुटपुटतो, श्वास शब्दांत मिसळतो, आणि गायिका मार्टिना टॉप्ली-बर्ड त्याच्या मागून तेच शब्द क्षणभर पुढेमागे म्हणत राहते, त्यामुळे कोण कोणाचा प्रतिध्वनी आहे हे कळत नाही. गिबन्सच्या गाण्यात समोर कोणीतरी आहे, ज्याच्याकडे ती काही मागते आहे. ट्रिकीच्या गाण्यात समोर कोणी नाही. इतका फरक एकाच तुकड्यातून काढता येतो, हे या संगीताचे सामर्थ्य आहे.

अल्बम म्हणून पाहिले तर ‘डमी’ला मी या संपूर्ण प्रकारात सर्वांत वर ठेवतो. त्याला ब्रिटनमधील अल्बमांसाठीचा १९९५ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत ‘मॅक्सिनक्वे’ही होता, परीक्षकांचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. पोर्टिसहेड हे ब्रिस्टलजवळच्या एका लहान किनारी गावाचे नाव आहे आणि गटाचा सूत्रधार जेफ बॅरो तिथेच वाढला. हा तरुण ब्रिस्टलच्या एका स्टुडिओत हरकाम्या असताना मॅसिव्ह अटॅक या गटाच्या ‘ब्लू लाइन्स’चे ध्वनिमुद्रण तिथे चालू होते. जुन्या तबकड्यांचे तुकडे घेण्यावर तो थांबला नाही. गटाने स्वतः वाजवलेले संगीत तबकडीवर उतरवून घेतले, ती तबकडी झिजवली आणि मग तिच्यातूनच सँपल घेतले. म्हणजे ‘डमी’मध्ये जे जुनाट, खरखरीत, कुठल्यातरी विसरलेल्या चित्रपटातले वाटते, त्यातले बरेचसे त्यांचे स्वतःचे आहे आणि जुनेपण हे त्यांनी कमावलेले आहे. हे कळल्यावर ‘रोड्स’ पुन्हा ऐकावे. सुरुवातीला फक्त विजेचा पियानो असतो, त्याचा प्रत्येक सूर पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो, आणि बराच वेळ दुसरे काहीही येत नाही. नंतर ढोल येतो तोही घाई करत नाही. गिबन्सच्या पहिल्या शब्दाआधी तिने घेतलेला श्वास चांगल्या हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतो. तंतुवाद्ये इतक्या उशिरा आणि इतक्या हळू चढतात की ती केव्हा सामील झाली हे लक्षात येण्याआधीच ती सर्वत्र पसरलेली असतात. आमच्याकडे आषाढात वीज गेली की पंखा, फ्रिज, शेजारचा दूरदर्शन संच सगळे एकदम गप्प होते. ‘रोड्स’ ऐकण्यासाठी मला ती वेळ सर्वांत योग्य वाटते, कारण या गाण्यात दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेलाही ठोक्याइतकाच अर्थ आहे.

पोर्टिसहेडचा दुसरा अल्बम (१९९७) मला कोरडा वाटतो. तो चुकीचा नाही, पण ‘डमी’त जे दुःख होते ते तिथे ताठर झाले आहे. मात्र अकरा वर्षांनी आलेला ‘थर्ड’ (२००८) हा धाडसाचा नमुना आहे. ‘मशीन गन’मध्ये यंत्राचा ठेका नावाप्रमाणेच गोळ्या झाडल्यासारखा कोसळतो आणि त्याच्यावर गिबन्स जवळजवळ भजनासारखी सरळ, अलंकार न घेता गाते. ज्या शैलीने नाव मिळवून दिले ती पूर्ण टाकून देण्याचे धैर्य फार थोड्या गटांकडे असते.

‘मॅक्सिनक्वे’चे नाव ट्रिकीने आपल्या आईच्या, मॅक्सिन क्वे यांच्या नावावरून ठेवले. या अल्बमचा पहिला अर्धा भाग ‘डमी’च्या तोडीचा आहे. पब्लिक एनिमी या अमेरिकी रॅप गटाचे तुरुंगावरील आक्रमक गाणे त्याने मार्टिनाकडून गाववून घेतले आणि एका पुरुषी आरोळीला तरुण मुलीच्या शांत, किंचित कंटाळलेल्या स्वरात बसवले. मूळ गाण्यातली चीड त्यामुळे कमी झाली नाही, उलट जास्त बोचरी झाली. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र वीण सैल पडते आणि काही गाणी केवळ वातावरणावर तरून जातात.

आता मॅसिव्ह अटॅककडे वळतो. ‘वाइल्ड बंच’ या ब्रिस्टलमधील डीजे मंडळींच्या गटातून हे लोक आले आणि १९९१ च्या ‘ब्लू लाइन्स’ने या संगीताची वाट पाडून दिली. हिप-हॉपची रचना, जमैकाच्या रेगेचा जड बेस आणि सोल गायकी अशी तिहेरी घडी त्यात आहे. ‘सेफ फ्रॉम हार्म’चा बेस जॅझ ढोलवादक बिली कोबम यांच्या ‘स्ट्रेटस’मधून आला आहे आणि ‘अनफिनिश्ड सिम्पथी’मध्ये शारा नेल्सनच्या आवाजाखाली खरा वाद्यवृंद आहे. हा अल्बम मला आवडतो, तरी त्यात एक उबदार सैलपणा आहे जो काही ठिकाणी निष्काळजीपणाकडे झुकतो. १९९४ चा ‘प्रोटेक्शन’ त्याहून असमान आहे. ट्रेसी थॉर्नने गायलेले शीर्षकगीत थोर आहे आणि बाकीचा अल्बम त्या उंचीवर पोहोचत नाही.

‘मेझानिन’ (१९९८) ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे पहिले गाणे ‘एंजल’ ज्याने फोनच्या स्पीकरवर ऐकले त्याने ते ऐकलेच नाही असे मी म्हणेन, कारण त्या गाण्याची सुरुवात ज्या बेसने होते तो फोनच्या स्पीकरला पेलतच नाही. चवथीच्या आरतीत घुमट या आमच्याकडच्या वाद्याच्या मातीच्या पोटातून निघणारा घुमारा जसा कानाआधी छातीला लागतो, तसा हा बेस लागतो. त्यावर होरेस अँडी हा जमैकाचा ज्येष्ठ गायक आपल्या थरथरत्या, उंच आवाजात एकेक ओळ ठेवत जातो आणि दोन-अडीच मिनिटांनी गिटारी कोसळतात. पुढे ‘टिअरड्रॉप’ येते. हार्प्सिकॉर्डची ती साधी ओळ आज इतक्या लोकांच्या कानांत बसली आहे की तिच्याखालच्या ढोलाकडे लक्ष जात नाही. तो ढोल लेस मॅकॅन या जॅझ पियानोवादकाच्या एका ध्वनिमुद्रिकेतून घेतलेला आहे, आणि त्याच्यासोबत आलेली तबकडीची खरखर मुद्दाम राहू दिली आहे. गायिका एलिझाबेथ फ्रेझर या गाण्याच्या कामात असतानाच तिचा एकेकाळचा जिवलग, गायक जेफ बकली, मे १९९७ मध्ये नदीत बुडून गेल्याची बातमी तिला कळली. ही माहिती नसतानाही तिच्या स्वरातली घालमेल ऐकू येत होती. माहिती झाल्यावर शेवटच्या मिनिटात ती शब्द जवळजवळ सोडून देते, तिथे थांबून ऐकावेसे वाटते.

या अल्बममध्ये गटाच्या आतला ताणही उतरला आहे. रॉबर्ट डेल नाजाला गिटारींकडे, कडक आणि काळोख्या आवाजाकडे जायचे होते; अँड्रू व्हाउल्सला जुन्या सोलच्या उबेत राहायचे होते, आणि १९९९ मध्ये तो गट सोडून गेला. ‘मॅन नेक्स्ट डोअर’मध्ये अँडीच्या रेगेखाली द क्युअर आणि लेड झेपलिन यांचे तुकडे एकत्र आणलेले आहेत, ब्रिटिश पंकोत्तर गिटार, रॉकचा सर्वांत प्रसिद्ध ढोल आणि किंग्स्टनची गायकी ही तीन घराणी एका खोलीत बसवली असतानाही कोणी पाहुणा वाटत नाही. ‘ब्लॅक मिल्क’मध्ये मात्र मॅनफ्रेड मॅन यांच्या गटाचा तुकडा परवानगीशिवाय वापरला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. इतक्या समर्थ लोकांनी चाल लिहायचे टाळावे, याचे मला वाईट वाटते.

जगाला गोव्याचे संगीत म्हणून जे माहीत आहे ते हणजुणे-वागातोरचे ट्रान्स. मिनिटाला १४० च्या आसपास ठोके, आणि ऐकणाऱ्याने स्वतःला विसरावे ही अपेक्षा. ट्रिप-हॉप त्याच्या निम्म्या गतीने चालते आणि ऐकणाऱ्याला स्वतःची आठवण करून देते. किनाऱ्यावरच्या कॅफेंनी त्याला ‘चिल-आउट’च्या रांगेत बसवून ताटल्यांच्या आवाजामागे ढकलले, हा या संगीतावर झालेला मोठा अन्याय आहे. मॉर्चीबा आणि त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ गटांचे काम त्या जागी शोभून दिसते, आणि त्यांच्याविषयी याहून जास्त लिहावे असे मला वाटत नाही.

अटलांटिकपलीकडे, कॅलिफोर्नियात, जॉश डेव्हिस ऊर्फ डीजे शॅडो याने १९९६ मध्ये ‘एंडट्रोड्यूसिंग’ काढला. संपूर्णपणे सँपलांतून बनलेला पहिला अल्बम म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली. सॅक्रामेंटोमधील एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात, त्याच्या तळघरातल्या ढिगाऱ्यांत तो तासन्‌तास बसत असे आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर तेच दुकान आहे. त्याचे मुख्य वाद्य म्हणजे आकाई कंपनीचे एमपीसी ६० हे सँपलर यंत्र. ‘मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड’मध्ये फिनलंडच्या पेक्का पोह्योला याचे संगीत आणि अमेरिकेच्या डेव्हिड ॲक्सेलरॉड याची रचना एकमेकांना भेटतात, प्रत्यक्षात कधी एकत्र न आलेले हे वादक या पाच मिनिटांत एकमेकांना दाद देत आहेत असे वाटते. शॅडोची खरी कला ढोलात आहे. तो तुकडा नुसता फिरवत नाही, एकेका ठोक्याचे वजन बदलतो, एखादा ठोका गाळतो, एखादा अर्ध्यावर कापतो, आणि त्यामुळे यंत्रातून निघालेला ठेका माणसाच्या मनगटातून निघाल्यासारखा होतो. उत्तरार्धातली एक-दोन गाणी लांबली आहेत. तरी शब्दांशिवाय तासाभराचे हिप-हॉप उभे करणे ही मोठीच गोष्ट आहे.

हिप-हॉपचे बोलीव अल्बम ऐकायला बसले की भाषेचा अडसर येतो, हे खरे आहे. न्यूयॉर्कच्या मोहल्ल्यांतली इंग्रजी पहिल्या झटक्यात उलगडत नाही. म्हणून आरंभ अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाच्या ‘द लो एंड थिअरी’ने (१९९१) करावा. ढोल आणि बेस एवढ्यावरच तो उभा आहे आणि एका गाण्यात तर थोर जॅझ वादक रॉन कार्टर यांनी स्वतः येऊन डबल बेस वाजवला आहे. म्हणजे ज्या पिढीच्या तबकड्यांतून तुकडे घेतले त्या पिढीचा माणूस समोर बसवला गेला, आणि त्या गाण्यात रॅपर क्यू-टिप किती अदबीने, किती जागा सोडून बोलतो ते ऐकण्यासारखे आहे.

त्यानंतर नास या रॅपरचा ‘इलमॅटिक’ (१९९४) घ्यावा. जेमतेम चाळीस मिनिटांचा हा अल्बम वीस वर्षांच्या मुलाने केला यावर विश्वास बसत नाही. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतली एक खिडकी, जिना, कोपरा, तुरुंगातल्या मित्राला लिहिलेले पत्र, एवढाच त्याचा परिसर, पण प्रत्येक ओळीत दोन-तीन यमके आत दडलेली आहेत आणि ती ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात. मराठीत मोरोपंतांच्या आर्या मोठ्याने म्हणून पाहिलेल्यांना ही कारागिरी लगेच जाणवेल. ‘द वर्ल्ड इज युअर्स’साठी पीट रॉकने अहमद जमाल यांच्या पियानोतली एक लकेर घेतली आहे. आणखी एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजते, ती नासचे वडील ओलू दारा यांची आहे. मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी मृत्यूविषयी बोलतो आणि त्याचे बोलणे संपल्यावर वडील वाजवत राहतात. हा भाग मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा पुढचे गाणे लगेच लावत नाही.

याच काळात सँपलचा कायदा बदलत होता. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्की याच्याविरुद्ध गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या बाजूने निकाल लागला आणि परवानगी न घेता तुकडा वापरणे ही चोरी ठरली. त्याआधी पब्लिक एनिमीसारखे गट एकेका गाण्यात डझनावारी तुकडे रचत, ते नंतर कोणाला परवडेनासे झाले. कलावंतांचे नुकसान झाले हे मान्य करूनही मला हा निकाल एकतर्फी वाईट वाटत नाही, कारण नाव न राहिलेल्या वादकांची यादी फार लांब आहे. ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या जेम्स ब्राउनच्या गाण्यातला क्लाइड स्टबलफील्डचा ढोल शेकडो हिप-हॉप गाण्यांत वाजला आणि त्याच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काही आले नाही. परंतु कायद्याने पैसा बहुधा हक्क ज्याच्या कागदावर आहे त्यालाच मिळतो, वाजवणाऱ्याला नाही. द व्हर्व या आल्टर्नेटिव्ह, म्हणजे रॉकच्या रुळलेल्या वाटेबाहेरच्या, गटाच्या ‘बिटर स्वीट सिम्फनी’चे (१९९७) श्रेय आणि उत्पन्न रोलिंग स्टोन्स या गटाच्या जॅगर-रिचर्ड्‌स यांच्याकडे गेले आणि २०१९ मध्ये त्यांनी ते रिचर्ड ॲशक्रॉफ्टला परत केले, याची बातमी सर्वत्र झाली. ज्या तंतुवाद्यांच्या ओळीवरून हे सारे झाले ती ओळ मात्र डेव्हिड व्हिटेकर या संयोजकाने लिहिली होती, आणि त्याचे नाव त्या बातम्यांत शोधावे लागते.

गोव्याच्या माणसाला ही व्यथा नवी नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा केवढा वाटा होता हे आपण जाणतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संयोजन करणारे सेबेस्टियन डिसोझा, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावे; त्यांच्यामागे व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणारे कितीतरी जण होते ज्यांचे नाव श्रेयनामावलीत कधी आलेच नाही. पुढे अमेरिकी हिप-हॉप निर्माते याच तबकड्यांकडे वळले. मॅडलिबने २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा संपूर्ण अल्बम भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांतून केला. तो गमतीने, चपळपणे केलेला अल्बम आहे आणि मी तो आवडीने ऐकतो. पण एखादी व्हायोलिनची लाट किंवा ट्रम्पेटची उडी आली की हे वाजवणारा साष्टीतला होता की बार्देशातला, हा प्रश्न मनात येतोच. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात ‘ज्योति’ (१९८१) चित्रपटातले लताबाईंचे ‘थोडा रेशम लगता है’ परवानगीशिवाय वापरले गेले. बप्पी लाहिरी न्यायालयात गेले, आणि त्यांचे नाव दिल्याशिवाय तो अल्बम विकण्यास अमेरिकी न्यायालयाने मनाई केली. मंगेशीशी नाते सांगणारा तो आवाज लॉस एंजेलिसच्या ठेक्यावर विलक्षण शोभतो, हे मी नाकारत नाही. नाव द्यायला किती कमी लागले असते, एवढेच म्हणतो.

ते कसे द्यावे याचा नमुना रेडिओहेड या इंग्लिश रॉक गटाने घालून दिला. १९९७ चा ‘ओके कॉम्प्युटर’ हा गिटारींचा अल्बम समजला जातो, पण त्यातल्या पहिल्याच ‘एअरबॅग’चा ढोल शॅडोच्या प्रभावाखाली, आपल्याच ढोलवादकाचे काही सेकंद कापून रचलेला आहे. ‘किड ए’मधील (२०००) ‘इडिओटेक’ तर पॉल लॅन्स्की यांच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतल्या चार सुरावटींवर उभे आहे. ही रचना प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संगणकावर तयार झाली होती. गटातल्या जॉनी ग्रीनवुडच्या हाती ती एका जुन्या तबकडीवर लागली, गटाने लॅन्स्की यांची रीतसर परवानगी घेतली आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव छापले. गाणे थंडगार यंत्रांचे आहे, त्यात गायक थॉम यॉर्कचा आवाज भीतीने धापा टाकतो आणि लॅन्स्कींच्या त्या सुरावटी शांतपणे येत-जात राहतात. आल्टर्नेटिव्ह म्हणवणाऱ्या अल्बमांत ‘किड ए’ मला सर्वांत पूर्ण वाटतो. ‘ओके कॉम्प्युटर’ त्याहून लाडका असला तरी मधल्या ‘फिटर हॅपिअर’ या यंत्राच्या आवाजातल्या निवेदनाने त्याची लय तुटते.

जे डिला या हिप-हॉप निर्मात्याचा ‘डोनट्‌स’ (२००६) मी फार थोड्या लोकांना सुचवतो, कारण तो समजायला आधीचे बरेच ऐकलेले असावे लागते. एकतीस लहान लहान तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आतले. गंभीर आजारी असताना त्याने हे काम केले, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी ते प्रकाशित झाले आणि तीन दिवसांनी तो गेला. पहिल्या तुकड्याच्या नावात ‘आउट्रो’, म्हणजे समारोप, आणि शेवटच्याचे नाव ‘वेलकम टू द शो’. शेवट आरंभाला जोडला जातो आणि अल्बम गोल फिरत राहतो. जुन्या सोल गायकांच्या ओळी तो अशा ठिकाणी कापतो की वाक्य अर्धवट राहते आणि त्या अर्ध्या वाक्यालाच वेगळा अर्थ येतो. रॅपर केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) याच्या अगदी उलट, भरगच्च आणि मोठ्या पल्ल्याचा आहे. कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लास्पर असे जॅझचे जाणते वादक त्यात प्रत्यक्ष वाजवतात, गाण्यागाण्यांमध्ये एक कविता ओळीओळीने वाढत जाते आणि शेवटी ती दिवंगत रॅपर टुपाकला वाचून दाखवली जाते. त्याची उत्तरे १९९४ च्या एका खऱ्या मुलाखतीतून घेतलेली आहेत. सँपलचा इतका हळवा उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही. केंड्रिकला २०१८ मध्ये पुलित्झर मिळाले ते ‘डॅम’साठी, माझ्या मते त्याचे श्रेष्ठ काम हेच आहे.

मराठीतही ही वाट आता पडू लागली आहे. मुंबईच्या स्वदेशी या गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये (२०१९) आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि तो निनावी तुकडा म्हणून आलेला नाही, भोईर त्या गाण्यात नावासकट, समोर उभे आहेत. गाण्याचा ठेका अजून घट्ट हवा होता, असे मला वाटते. पण मराठी रॅपला मूळ माणसासह मूळ सूर कसा आणावा हे त्यात कळले आहे. दीनानाथांच्या काळातल्या नाट्यपदांच्या तबकड्या, देवळांतल्या घुमट आरत्या, गोमंतकीय अरेंजरांनी लिहिलेल्या व्हायोलिनच्या ओळी यांच्यावर संपूर्ण अल्बम बांधणारा कोणी तरुण फोंड्यात, डिचोलीत किंवा पेडण्यात आज हेडफोन लावून बसला असेल तर त्याने ‘डमी’, ‘एंडट्रोड्यूसिंग’ आणि ‘डोनट्‌स’ हे तीन अल्बम आधी या क्रमाने ऐकावेत, आणि आपल्या अल्बमच्या प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर चाल छापावी.